बिघडलेली प्लेट

“काहीच करत नसेल, तर मग तो तुकडा इतकी वर्षं टिकला कसा, असंच विचारणार ना तुम्ही?”

अभिराम खोत पायरीवर उभा राहूनच बोलत होता. पाठीवरची सॅकही त्याने अजून उतरवली नव्हती.

“आधी वर ये,” बाई म्हणाल्या.

टेंगशेबाई निवृत्तीनंतर आंबोलीला येऊन राहिल्या. आयुष्यभर त्यांनी मॉस शिकवले. दगडी कुंपणांच्या गडग्यांवर आणि कौलांवर जो हिरवा मऊ थर चढतो, ज्याला लोक सरसकट शेवाळ म्हणतात, ते. अभिराम कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकला. आता तो पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होता. प्रबंध लिहून तयार होता. महिनाअखेर तो सादर झाला तर जर्मनीतली एक जागा त्याला मिळणार होती. मार्गदर्शकांनी एकच अट घातली होती. शेवटचे प्रकरण टेंगशेबाईंना दाखव; त्या हो म्हणाल्या की पुढे जाऊ.

भाद्रपद सरत आला होता. पाऊस उघडला होता. शेजारी राहणारा मी बाईंच्या नमुन्यांसाठी वर्तमानपत्राची पाकिटे करत त्यांच्या ओटीवर बसलो होतो. कानावर पडले ते लिहितो.

“सांग,” बाई म्हणाल्या. “यांनाही कळेल असं सांग.”

अभिरामने माझ्याकडे एकदा पाहिले. मग सावकाश बोलू लागला.

“पेशीत जनुकांचे निरोप फिरत असतात. आरएनएचे लांब धागे. हे बनव, ते वाढव, असे. काही आरएनए मात्र अगदी आखूड असतात. ते स्वतः काहीच बनवत नाहीत. ठरावीक निरोपाला जाऊन चिकटतात आणि तो निरोप तिथंच तुटतो. संपलं. काम होतच नाही.”

“आवरणारे,” बाई म्हणाल्या.

“हां, आवरणारे. मी ज्याच्यावर काम केलं तो तुकडा असाच आहे. आंब्यात आहे, गव्हात आहे आणि मॉसमध्येही आहे. अक्षराला अक्षर तोच! मॉसची आणि आंब्याची वाट वेगळी झाली तेव्हा जगात एक फूल नव्हतं, बाई. चाळीस कोटी वर्षं!”

“आणि तू काय केलंस?”

“मॉसमधून तो काढून टाकला.”

“मग?”

“मग काही नाही. काढलेलं आणि न काढलेलं, दोन्ही शेजारी ठेवा. ओळखू येणार नाही. तोच रंग, तीच वाढ. माझं शेवटचं प्रकरण एवढंच म्हणतं. आंब्यात असेल तो कामाचा. मॉसमध्ये नुसता पडून आहे. अडगळ.”

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

“पटत नाही?”

“अडगळ इतकी वर्षं कोण जपतं रे?”

“आमच्या आत्याचा माळा बघितला नाहीत तुम्ही.”

बाई हसल्या. मीही हसलो.

“आत्याचा माळा दर पिढीला कुणी नव्यानं उतरवून काढत नाही,” त्या म्हणाल्या. “हा तुकडा दर पिढीला नक्कल करून उतरवला जातो. उतरवताना चुका होतात. त्याच्या आजूबाजूच्या अक्षरांत झाल्याही. इथं मात्र एकही चूक टिकली नाही. का?”

“तो तर्क झाला. माझ्याकडे प्लेट्स आहेत.”

त्याने सॅकमधून थर्माकोलचा डबा काढला. आत झाकणाच्या चपट्या, गोल, पारदर्शक डब्या होत्या. तो त्यांना प्लेट म्हणत होता. दोन त्याने बाईंसमोर ठेवल्या.

“हे काढलेलं. हे न काढलेलं.”

बाईंनी गळ्यातले भिंग डोळ्याला लावले.

“सगळे धागेच दिसतायत. पानं कुठं आहेत?”

“पानांपर्यंत जाऊच देत नाही आम्ही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. “मॉस आधी असं धाग्यांनी पसरतं. मग धाग्यांवर कोंब धरतात आणि कोंबाला पानं येतात. आपण गडग्यावर बघतो ती पानं.” मग त्याच्याकडे वळून, “जाऊ देत नाही म्हणजे काय करता?”

“दर आठवड्याला यंत्रात फिरवून बारीक करायचं आणि नव्या प्लेटवर पसरायचं. आमच्याकडे त्याला चटणी वाटणं म्हणतात. सगळ्या धाग्यांचं वय सारखं राहतं. मोजायला बरं पडतं.”

“तिखट किती घालता?”

“बाई…”

तो डब्यातून आणखी एक प्लेट काढत होता. ती वर येताच त्याचा चेहरा वाकडा झाला.

“ही नको. ही बिघडली. इकडे यायच्या गडबडीत या आठवड्यात सगळ्याच वाटायच्या राहिल्या.”

ओटीच्या कोपऱ्यात माझ्या कात्रणांची टोपली होती. त्याने प्लेट तीत टाकली.

“बिघडली म्हणजे?” बाईंनी विचारले.

“कोंब आले. कोंब आलेली प्लेट मोजत नाही आम्ही. टाकून देतो.”

बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून टोपलीशी वाकल्या. कात्रणे बाजूला सारून त्यांनी ती प्लेट बाहेर काढली, पदराने पुसली आणि दोन प्लेट्सच्या मधोमध ठेवली.

“अहो बाई, ती टाकलेली…”

बाई भिंगातून पाहत राहिल्या. बराच वेळ…

मग त्यांनी भिंगाचा दोरा गळ्यातून काढला आणि भिंग त्याच्यापुढे धरले. त्याने ते घेतले नाही.

“या सगळ्या मागच्या वेळी एकाच दिवशी वाटल्या होत्यास?”

“एकाच दिवशी.”

“एकाच डब्यातून आल्या?”

“तुमच्यासमोरच तर काढल्या.”

“मग ही एकटीच कशी बिघडली?”

“होतं असं अधूनमधून. लॅबमध्ये तर नेहमीचंच आहे ते.”

“दोन्हींचं? काढलेल्याचं आणि न काढलेल्याचं, सारखंच?”

अभिरामने हात पुढे केला. त्याने प्लेट उचलून उलटी केली. तळाला निळ्या शाईची खूण होती. त्याने ती पाहिली. पुन्हा पाहिली.

“काढलेलं आहे,” तो म्हणाला.

“आणि लॅबमध्ये? टाकाव्या लागतात त्या जास्त कुठल्या?”

“…काढलेल्याच.”

“किती जास्त?”

“नाही मोजल्या. बिघडलेल्या कोण मोजतं?”

गडग्यावर एक बुलबुल येऊन बसला आणि गेला. मी हातातले पाकीट तसेच धरून होतो.

अभिराम आता पहिल्यांदा खाली बसला.

“म्हणजे फरक होता,” तो म्हणाला. “कचऱ्याच्या बादलीत होता.”

बाईंनी भिंग त्याच्यापुढे ठेवले.

“प्रबंध गेला. जर्मनी गेली.”

“चहा घेतोस?”

त्याने मान हलवली. हो की नाही ते कळले नाही. बाई आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला. अभिराम त्या प्लेटकडे बघत होता. मग त्याने भिंग उचलले आणि वाकून पाहू लागला. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

बाई कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा तो उभा होता.

“गेलं काहीच नाही, बाई! उलट हे मोठं निघालं. तो तुकडा कोंबाला आवरून धरतो. थांब म्हणतो, अजून धागे पसर म्हणतो. तो काढला की मॉस घाईनं कोंब काढतं. चाळीस कोटी वर्षं जपलंय ते हे! आज रात्रीच प्रकरण बदलतो. शीर्षकही बदलतो.”

“ही एक प्लेट आहे, अभिराम.”

“एक दिसली, पण टाकलेल्या किती असतील!”

“त्या मोजल्या नाहीस म्हणालास.”

“बाई, आता तुम्ही वकिलासारखं करू नका.”

“दोन्ही मॉस शेजारी शेजारी, न वाटता, हात न लावता ठेवून बघितली आहेस कधी?”

“त्याला महिने लागतील. जागा कोण धरून ठेवणार आहे माझ्यासाठी? तोवर दुसरं कुणीतरी लिहून मोकळं होईल. आधी सादर करतो. प्रयोग काय, मागाहून करता येतील.”

“कोंब पुढं जगतात का, तेही बघितलेलं नाहीस.”

“जगतीलच की. दिसतायत ना हिरवेगार!”

त्याने खिशातून फोन काढला. आंबोलीला ओटीवर रेंज येत नाही. तो पायऱ्या उतरला, अंगणात फिरला, मग गडग्यावर चढला. हात उंच करून फोन आभाळाकडे धरला. त्याच्या बुटांखाली जांभ्यावरचे मॉस सोलून निघत होते.

चहावर साय धरू लागली.

“हॅलो! सर? अभिराम बोलतोय, आंबोलीहून. ऐकू येतंय का? सर, फार मोठी गोष्ट सापडलीय… हो, बाईंच्या समोरच… हो हो, बाई हो म्हणाल्या असंच समजा…”

बाई ओटीच्या कडेशी गेल्या. हातात ती प्लेट होती. त्यांनी आवाज चढवला नाही.

“अभिराम.”

त्याने फोनवर तळहात ठेवला आणि वळून पाहिले.

“तुझ्यातला तो आवरणारा कुणी काढला रे?”