लहानू सासऱ्याला खेळ सुचवतो

कोळवडी नावाच्या एका गावात एक भोळा जावई होता. नाव त्याचं लहानू. अंगाने धिप्पाड, स्वभावाने गरीब गाय. तालुक्याच्या गावी दिगूशेठच्या दुकानात तो कॉम्प्युटर पुसायचं काम करी. पूस म्हटलं की बटणांवरची अक्षरं जाईपर्यंत पुसे. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळं दुखणं तिथंच होतं.

त्या साली अधिक महिना आला. अधिकात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, मान द्यायचा, ही आपली रीत. लहानूची बायको मंदा आधीच माहेरी हिवरगावला गेली होती. मागोमाग लहानूलाही बोलावणं आलं. पण या बोलावण्याला एक शेपूट होतं.

मंदाचे वडील तात्या म्हणजे निवृत्त तलाठी. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं, त्यामुळे तोंडाला फार पडे. सकाळी दूधवाल्याशी, दुपारी शेजाऱ्याशी, संध्याकाळी बायकोशी, असं त्यांचं भांडणाचं वेळापत्रक असे. थोरला जावई बँकेत होता. त्याने आपला जुना कॉम्प्युटर त्यांना आणून दिला, म्हणजे जीव रमेल. पण तो कॉम्प्युटर इतका म्हातारा, की नवीन काही घातलं की धापा टाकून बंद पडे. जुने खेळ तेवढे त्याला पचत. आता जुन्यातला कोणता खेळ आजही खेळण्यासारखा आहे, हे सांगणार कोण? खरं तर मंदाने सांगितलं असतं. ती सगळे खेळलेली होती. पण तात्या अडून बसले.

"कॉम्प्युटरच्या दुकानातला जावई आहे ना? त्यालाच सांगू दे. एक खेळ धड सुचवला तर पोरीला त्याच्याबरोबर पाठवतो. नाही जमलं तर ती इथंच राहील. वेड्याच्या घरी पोर नांदवायची नाही मला."

मंदा बापाला किती वेळा म्हणाली होती, की ते भोळे आहेत, वेडे नाहीत. तिचा लहानूवर जीव होता. तिला आपल्या घरी जायचं होतं. पण तिचं सगळं नशीब आता लहानूच्या अकलेवर होतं, आणि लहानूची अक्कल तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

निघताना दिगूशेठने लहानूला जुन्या खेळांची एक तबकडी दिली. त्यात विटांचा खेळ होता, सापाचा होता, पत्त्यांचा होता. वर त्यांनी एक कानमंत्र दिला. दुसऱ्याला काही सुचवायचं तर आधी आपण स्वतः घेऊन बघावं, अगदी शेवटपर्यंत जावं, मगच दुसऱ्यापुढे ठेवावं.

"लक्षात राहील ना?" दिगूशेठने विचारलं.

"राहील," लहानू म्हणाला.

लहानू हिवरगावला पोचला. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं. मग त्यांनी एक वाटी त्याच्या हातात ठेवली. तात्यांचं पोट दोन दिवस साफ नव्हतं, म्हणून एरंडेल कोमट केलं होतं. तेवढं तात्यांना नेऊन द्या, असं त्या म्हणाल्या.

लहानूला दिगूशेठ आठवले. त्याने वाटी तोंडाला लावली आणि शेवटच्या थेंबापर्यंत गेला. मग तो परसाकडे गेला. मग पुन्हा गेला. त्याच्या स्वागताला भावकीतली माणसं आली होती, ती त्याची नुसती पाठ बघून परत गेली.

दिवेलागणीला तो भिंतीला धरून तात्यांसमोर आला आणि रिकामी वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

"मी स्वतः घेऊन पाहिलं, तात्या. सुरुवात संथ आहे. पण एकदा रंगात आलं की उठू देत नाही. म्हणजे बसू देत नाही. तुम्ही जरूर घ्या."

तात्यांनी एकदा वाटीत बघितलं, एकदा जावयाकडे बघितलं आणि मंदाला हाक मारली.

मंदाने लहानूला मागल्या दारी धुण्याच्या दगडापाशी नेलं. "अहो, सगळंच आपल्यावर करून बघायचं नसतं. सुचवायचं म्हणजे समोरच्याला धीर द्यायचा. खेळात नवखा माणूस घाबरतो. त्याला म्हणायचं, भिऊ नका, तीन जीव असतात. एक गेला तर काय झालं, दोन शिल्लक आहेत. कळलं?"

"कळलं," लहानू म्हणाला. त्याला कळलं म्हणजे कुणाचं तरी काही खरं नव्हतं.

शेजारचे खंडेराव आठवड्यापूर्वी वारले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या तिकडे भेटायला निघाले आणि जावयालाही त्यांनी बरोबर घेतलं. ओसरीवर माणसं खाली मान घालून बसली होती. खंडेरावांची बायको रखमाकाकू पदर डोळ्याला लावून कोपऱ्यात बसली होती. नवखी विधवा. लहानूला तिची दया आली. तो सरळ तिच्यापुढे जाऊन बसला.

"भिऊ नका, काकू. एकच जीव गेलाय ना? दोन शिल्लक आहेत."

काकूंचं रडणं जागच्या जागी थांबलं. सारा जन्म त्यांनी खंडेरावांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. गेल्या आठवड्यात कुठे त्या पहिल्यांदा गरम भाकरी जेवल्या होत्या.

"म्हणजे परत यायचे?" काकूंनी बारीक आवाजात विचारलं.

"येणार की. दोनदा."

काकूंनी जो हंबरडा फोडला, तसा त्यांनी मयताच्या दिवशीही फोडला नव्हता. थोरल्या सुनेने घाईघाईने दाराला कडी लावली. तात्या जावयाचा दंड धरून त्याला बाहेर घेऊन आले आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तात्या आणि न बोलणं, म्हणजे मामला गंभीर होता.

मंदाने लहानूला पुन्हा धुण्याच्या दगडापाशी नेलं. तिला हसूही येत होतं आणि रडूही. "अहो, असं नसतं म्हणायचं. मान खाली घालायची. डोळे टिपायचे. म्हणायचं, सोन्यासारखा होता हो, असा आता होणे नाही, आता नुसत्या आठवणी उरल्या. एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. कळलं?"

"कळलं."

दुपारी तात्यांनी कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मंदा दाराआड उभी राहिली आणि तिने कुलदैवताचं नाव घेतलं.

"बोला, जावईबापू," तात्या म्हणाले. "जुन्यातला कोणता खेळ चांगला?"

लहानूने मान खाली घातली. उपरण्याने डोळे टिपले.

"विटांचा, तात्या. सोन्यासारखा होता हो. असा आता होणे नाही."

तात्या जरा चरकले. माणूस इतका हळवा होतो म्हणजे खेळ खरंच चांगला असणार, असं त्यांना वाटलं. "मग कुठे मिळेल तो?"

"आता कुठला मिळतोय. आता नुसत्या आठवणी."

"आणि सापाचा म्हणतात तो?"

"तो तर फार गुणी. कुणाला कधी उलटून बोलला नाही."

तबकडी लहानूच्या खिशात होती. पण त्याला गप्प बसायला सांगितलं होतं, म्हणून तो गप्प बसला. सासूबाईंनाही गहिवरून आलं. कोण गेलं ते त्यांना कळलं नव्हतं, पण जावई रडतोय म्हटल्यावर त्यांनीही पदर डोळ्याला लावला. तात्यांनी फडकं पुन्हा कॉम्प्युटरवर टाकलं, पार तोंडावरून ओढून. उद्याचं धोंड्याचं जेवण झालं की याला एकट्याला गाडीत बसवायचं, असं त्यांनी बायकोला बजावलं.

मंदाने ते दाराआडून ऐकलं. धुण्याच्या दगडापाशी तिने लहानूचे दोन्ही हात धरले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"खेळ मेलेला नाही. खेळ चालू आहे. आता बोलू नका, करून दाखवा. विटांचा खेळ असा, की रांगेत फट दिसली की भरायची. बसत नसेल त्याला आडवं-उभं फिरवून बसवायचं. रांग गच्च भरली की ती काढून टाकायची आणि पुढची भरायला घ्यायची. एवढंच. तात्यांसमोर हे करून दाखवा. कळलं?"

"कळलं," लहानू म्हणाला. आणि या वेळी त्याला खरोखरच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण. सारी भावकी आली होती. थोरला जावईही आला होता. पुरणाचे धोंडे, अनारसे, कटाची आमटी, वर तूप. अंगणात पाट मांडले होते. तात्या खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते आणि मंडळी ऐसपैस, मांड्या पसरून पंगतीला बसत होती.

लहानूने रांगेकडे बघितलं. रांगेत फटी होत्या. त्याने तात्यांकडे बघितलं. तात्याही समोरच होते. याहून चांगली वेळ कोणती, असं म्हणून त्याने कामाला हात घातला.

जिजाबा पाटील उंच आणि काटकुळे. त्यांना त्याने काखेत हात घालून उचललं आणि दोन पाटांच्या फटीत उभं बसवलं. बायजाआक्का चौकोनी. त्या कशाही फिरवल्या तरी तेवढ्याच होत्या, म्हणून त्यांना त्याने भिंतीकडेला सरकवलं. थोरल्या जावयाचा गुडघा पुढे येत होता. त्याला लहानूने एकदा डावीकडे फिरवलं, एकदा उजवीकडे, मग तोंड भिंतीकडे करून बसवलं, तेव्हा तो नेमका बसला. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे देव, त्यामुळे कुणाला काही बोलता येईना. रांग गच्च झाली. मुंगी शिरायला जागा राहिली नाही. सासूबाईंनी तूप वाढलं, श्लोक झाला, मंडळींनी पहिला घास उचलला.

"रांग भरली," लहानू म्हणाला. आणि त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांना उठवलं, अंगणाबाहेर काढलं आणि पुढच्या रांगेला आत बोलावलं.

ती रांगही भरली. तीही काढली. तिसऱ्या रांगेला माणसं उरली नव्हती, म्हणून त्याने रस्त्यावरून एक पोस्टमन आणि दोन वाटसरू आणले. आतल्या माणसांना जेवण मिळत नव्हतं आणि बाहेरच्यांना आत येता येत नव्हतं. बायजाआक्का तोंडातला घास तेवढा घेऊन घरी गेल्या. थोरला जावई आपली गाडी काढून निघून गेला, तोही अजून मान एका बाजूला वळवूनच.

तात्या उठले आणि आतल्या खोलीत गेले. मंदाला वाटलं, संपलं सगळं. तिने लहानूच्या खिशातली तबकडी काढून घेतली, आत जाऊन कॉम्प्युटरमध्ये घातली आणि विटांचा खेळ लावून दिला. निदान खेळ तरी बघा, असं ती बापाला म्हणाली.

वरून एक लांबडी वीट खाली येऊ लागली. तात्यांनी ती बघितली. त्यांचे डोळे बारीक झाले.

"हा तर जिजाबा," ते म्हणाले. "याला उभा घाल फटीत."

मग चौकोनी आली. "बायजाआक्का. भिंतीकडे सरक, बाई." मग वाकडी आली. तात्या खुर्चीत पुढे सरकले. "आणि हा बँकवाला. फिरव त्याला. अजून फिरव. बसला."

रांग भरली आणि नाहीशी झाली. तात्या हसले. त्या घरात तात्या हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सासूबाई धावत बघायला आल्या आणि देवापुढे साखर ठेवायला धावत गेल्या. त्या संध्याकाळी भांडण झालं नाही. तात्यांना वेळच नव्हता.

"माणूस खुळा आहे," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "पण खेळ नामी सुचवला. समजावलाही असा की विसरणार नाही. मंदे, उद्या जा तू आपल्या घरी."

मंदाला आनंदाने हुंदका फुटला. बोचकं तर तिने तेव्हाच बांधायला घेतलं. सकाळी लहानू दारात उभा होता. आत तात्या डाव हरले आणि टेबलावर थाप मारून ओरडले, तसा लहानू दचकला. मंदा हसून त्याला म्हणाली, "घाबरू नका, ते तुम्हाला नाही ओरडले. चुका फार झाल्या की डाव मोडायचा आणि अगदी पहिल्यापासून सुरू करायचा, एवढंच असतं ते."

लहानू विचारात पडला. चुका तर त्याच्याही फार झाल्या होत्या. एरंडेल, रखमाकाकू, कालची पंगत. मंदाने किती सोसलं होतं त्याच्यापायी. तिच्यासाठी तरी डाव नीट खेळायला हवा. पण पहिल्यापासून म्हणजे कुठून?

त्याने पिशवी उचलली, बाहेर गेला, चपला काढल्या आणि कडी वाजवली.

"नमस्कार. कोळवडीहून आलो. मुलगी बघायला."

सासूबाई गोंधळल्या. पण अधिकातला जावई, त्याचा शब्द कसा मोडायचा? त्यांनी पोहे टाकले. तात्यांनी मागे वळून न बघताच "बसा, बसा" म्हटलं. मंदाला आधी काही सुधरेना. मग तिला वाटलं, यांना पुन्हा एकदा आपल्याला बघायचंय. तिचे कान लाल झाले. तिने बोचकं सोडून लग्नातली हिरवी साडी काढली, डोक्यावरून पदर घेतला आणि पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालून समोर आली.

लहानूने पोहे खाल्ले. नाव विचारलं. स्वयंपाक येतो का विचारलं. या वेळी त्याची एकही चूक झाली नाही. तात्यांनी डाव थांबवला आणि खुर्ची वळवली.

"मग? मुलगी पसंत आहे?"

लहानू कितीतरी वेळ मंदाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुलगी लाखात एक आहे, तात्या. पण मला कुणाला फसवता यायचं नाही. माझं लग्न झालंय. घरी माझी मंदा आहे. तिच्यासारखी दुसरी नाही."

एवढं बोलून त्याने हात जोडले, पिशवी उचलली आणि साडेनऊच्या एसटीने तो एकटाच घरी गेला, झालेला प्रकार मंदाच्या कानावर घालायला.