मैनेला केलेला आग्रह

एका घाटमाथ्यावरच्या गावात हैबती नावाचा एक जीपवाला राहत होता. त्याच्या जीपचं नाव मैना. सकाळी गावातली माणसं तालुक्याला न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची, एवढंच तिचं काम. पण हैबतीला ती नुसती गाडी वाटतच नसे. चढ चढून आली की तो तिच्या बॉनेटवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "दमलीस गं बाई."

हैबती मनाने फार मायाळू होता. पण माया करायची त्याची रीत एकच. वाढायचं, आणि समोरचा नको म्हणाला की आणखी वाढायचं. त्याच्या घरी जेवायला बसलेला माणूस ताटावर दोन्ही हात आडवे धरूनच बसायचा. तरी हैबती बोटांच्या फटीतून वाढायचाच.

त्याला एकच बहीण, बायजाआक्का. घाटाखाली कोकणात दिलेली. दर भाऊबीजेला ती माहेरी यायची, पण गेली तीन वर्षं आली नव्हती. गुडघे दुखतात, एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, असा निरोप यायचा. भाऊबीजेच्या दिवशी हैबतीची बायको शेवंता म्हणायची, शेजारच्या भामाकडून ओवाळून घ्या. हैबती मान हलवायचा आणि उगाचच मैनेच्या काचा पुसत बसायचा.

यंदा त्याने गणपतीतच सांगून पाठवलं की तू एसटीत बसू नकोस, मी मैना घेऊन तुझ्या दारात येतो. आक्काने बऱ्याच दिवसांनी हो म्हटलं. तेव्हापासून हैबतीच्या जिवाला एकच घोर होता. भाऊबीजेला मैनेनं दगा देता कामा नये.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो इंजिन ऑइल आणायला तालुक्याला गेला. दुकानदाराने गाडी कोणती ते विचारलं आणि मैनेच्या माहितीपुस्तकात तेलाचा जो नंबर दिलेला होता त्याच नंबराचा डबा पुढे ठेवला. शेजारी तेल गाळणारा नवा ऑइल फिल्टर ठेवला. हैबतीने डबा कानाशी धरून हलवला. आतलं तेल डुचमळलं. त्याला ते काही आवडलं नाही.

"पाहुण्याला पातळ आमटी वाढतात का?" तो म्हणाला. "सगळ्यात दाट असेल ते द्या."

दुकानदाराने समजावून पाहिलं. दाट तेल दुसऱ्या गाड्यांसाठी असतं, मैनेच्या इंजिनातल्या वाटा बारीक आहेत, थंडीत सकाळी ते तिथे वेळेवर पोचत नाही. हैबतीने ऐकून घेतलं आणि दाट तेलाचाच डबा उचलला. फिल्टर मात्र त्याने परत सारला. जुन्याला पोचा नाही, गंज नाही. चांगली वस्तू काढून फेकायची कशाला?

दसऱ्याला मैनेला अंघोळ झाली. झेंडूचा हार चढला. हैबती स्वतः गाडीखाली शिरला. जुनं तेल काढलं, फिल्टर फडक्याने लख्ख पुसला आणि दरवर्षीसारखी त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. मग नवं तेल ओतायला लागला.

तेवढ्यात दस्तगीर मिस्त्री सोनं द्यायला आला. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. दस्तगीरने तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल वरच्या खुणेला टेकलं होतं. तो म्हणाला, पुरे झालं. हैबतीने डब्यात वाकून पाहिलं. अजून बरंच उरलं होतं.

"वर्षभर माझ्यासाठी राबते ती. सणाच्या दिवशी तिला मोजून वाढू?" असं म्हणत त्याने डबा उपडा केला.

दस्तगीरने पट्टी पुसून जागेवर ठेवली. मग शांतपणे म्हणाला, "हैबत्या, गाडीला पोट असतं, पण नको म्हणायला तोंड नसतं."

हैबती हसला आणि त्याच्या हातावर दोन पेढे जास्तीचे ठेवले.

भाऊबीजेच्या सकाळी मैना घाट उतरून आक्काच्या दारात उभी राहिली. आक्का नवं लुगडं नेसून, ओवाळणीचं तबक मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. हैबतीने तिला हात धरून पुढच्या सीटवर बसवलं. वाटेत तो घरी काय काय केलंय ते सांगत होता. बुंदीचे लाडू, बासुंदी, पुरणपोळी. आक्का हूं हूं करत बाहेर बघत होती.

तिसऱ्या वळणावर मैना धापा टाकू लागली. मागे निळसर धूर निघाला. मग समोरचा तेलाचा लाल दिवा लागला.

माथा दोनच वळणं राहिला होता. घरी पाट मांडलेला होता. तीन वर्षं न आलेली आक्का गाडीत बसली होती. हैबतीचा पाय पेडलवर दाबला गेला. "थोडं सोस गं," तो पुटपुटला. दिवा काही विझेना. त्या लाल ठिपक्याकडे बघता बघता त्याला दस्तगीरचं बोलणं आठवलं. मैनेला तोंड नव्हतं, पण ती नको म्हणत होती. आणि हैबतीने आजवर कुणाचंच नको ऐकलं नव्हतं.

त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

हैबतीचा फोन गेल्यावर दस्तगीर मोटरसायकलवरून आला. पिशवीत पुस्तकातल्या नंबराचं तेल होतं आणि नवा फिल्टर होता. सणाच्या दिवशी हे कुठून आणलंस, असं हैबतीने विचारलं. दसऱ्यापासून फळीवर काढून ठेवलंय, असं दस्तगीर म्हणाला आणि बाह्या दुमडल्या.

इंजिन निवल्यावर त्याने सगळं तेल काढलं. दाट तर ते होतंच, वर जास्तीचं झाल्यामुळे इंजिनात घुसळून त्याचा फेस झाला होता. मग त्याने फिल्टर फिरवून काढला. वर कुंकवाचे तीन थर होते. आत काळा चिखल.

"तीन दसरे," दस्तगीर म्हणाला. "वरून पूजा झाली. आत कोणी बघितलं नाही."

नव्या फिल्टरच्या रबराला त्याने बोटभर तेल लावलं आणि तो हातानेच घट्ट बसवला. नवं तेल हैबतीला ओतायला दिलं. वरच्या खुणेपाशी आल्यावर हैबतीचा हात सवयीने पुढे झाला, आणि थांबला. डब्यात तेल उरलं. त्याने झाकण लावलं. चावी फिरवताच मैना नेहमीसारखी गुरगुरली आणि लाल दिवा विझला.

आक्का कठड्यावर बसून हे सगळं ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "हैबा, माझे गुडघे एवढे दुखत नाहीत रे."

हैबतीने वर पाहिलं.

आक्काने सांगितलं. तिला साखरेचा आजार होता. शेवटची आली त्या भाऊबीजेला तिने लाडू नको म्हटलं होतं, बासुंदी नको म्हटलं होतं. त्याने ताटात वाढलं, तिने खाल्लं, आणि घरी गेल्यावर चार दिवस दवाखान्यात काढले. हे त्याला कधी कळू दिलं नाही.

"नको म्हटलं की तुझा चेहरा उतरतो," ती म्हणाली. "तो बघवत नाही. म्हणून यायचंच सोडलं."

जुना फिल्टर हैबतीच्या हातात होता. कुंकू बोटांना लागलं होतं.

माथा गाठून घरी पोचायला दुपार कलली. आक्काने भावाला ओवाळलं, आणि मग दस्तगीरलाही पाटावर बसवून ओवाळलं. पानं मांडली. हैबती बासुंदीचं भांडं घेऊन पुढे झाला तशी शेवंताने सवयीने डोळे मिटले. पण पळी आक्काच्या वाटीवर येऊन थांबली.

"आक्का, किती वाढू?"

आक्का हसली. तिने चमचाभर वाढायची खूण केली आणि म्हणाली, "खुणेपर्यंत."

हैबतीने चमचाभरच वाढलं. त्या दिवशी आक्काने ताटावर एकदाही हात आडवा धरला नाही. आणि पुढच्या भाऊबीजेला ती बोलावण्याआधीच येऊन बसली.

तात्पर्य: ज्याच्यावर माया करायची त्याला काय मानवतं ते आधी विचारावं, आणि तो नको म्हणाला की हात थांबवावा; न विचारता केलेली माया आपल्याच माणसाला जड जाते.