चाकावरचे कातडे

सांगा बरे, मचवा हाकणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत असेल? वादळाची? पाण्याखालच्या खडकाची?

फार फार पूर्वी समुद्रातल्या एका लहानशा बेटावर एक तांडेल, म्हणजे मचव्याचा मुख्य नावाडी, राहत होता. त्याला भीती वाटायची ती स्वतःच्या हातांची. ऐन वेळी ते निसटतील याची.

बेटावर गोडे पाणी नव्हते. म्हणून एक दिवसाआड तांडेल आपला शिडाचा मचवा समोरच्या किनाऱ्याला नेई. बेटावरच्या बायका रिकामे हंडे घेऊन बसत आणि भरलेले घेऊन परत येत. वाटेत काळ्या खडकांची रांग होती. तिथे सुकाणूचे चाक घट्ट धरून झटकन वळवावे लागे.

हात घसरू नये म्हणून त्या चाकाच्या लाकडी कडेवर काथ्याची दोरी गुंडाळलेली असे. ते काम तांडेलाच्या म्हाताऱ्या आत्याचे. पावसाळा संपला की ती झिजलेला काथ्या सोडी, लाकूड चार दिवस उन्हात ठेवी, त्याला तेल चोळी आणि मग नवा काथ्या गुंडाळी.

एकदा नेमका खडकांपाशी काथ्याचा एक वेढा सुटला. हात घसरला. मचवा खडकाला घासून गेला. कोणाला काही झाले नाही, पण त्या दिवसापासून तांडेलाच्या घशाखाली घास उतरेना. मचव्यात त्याची लेकही बसत असे. पुन्हा सुटला तर? बसता-उठता त्याला दुसरे काही सुचेना.

शेवटी तो पलीकडच्या बाजारात गेला. एकाने जाड सुती पट्टा दाखवला. दुसऱ्याने घोंगडीचा तुकडा दाखवला.

"किती टिकेल?" तांडेलाने विचारले.

"वर्षभर कुठं जात नाही."

"वर्षभर नको. कायमचं हवं."

तेव्हा घोड्यांची खोगिरे शिवणारा कारागीर म्हणाला, "म्हशीचं कातडं ओलं असतानाच ओढून शिवतो. वाळलं की असं आवळून बसेल, तुझ्या नातवालाही सुटायचं नाही!"

तांडेलाने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. "मग हेच."

आत्याने नवे कातडे चाचपून पाहिले. "छान आहे रे. पण आता लाकूड कधी बघायचं?"

"बघायचं कशाला, आत्या? तुझी बोटं सुटली त्या काथ्यातून."

"माझी बोटं सुटली खरी," आत्या म्हणाली. "लाकूड मात्र अडकलं."

तीन वर्षे गेली. कातड्याला साधा ओरखडा नव्हता. तांडेल जेवू लागला, हसू लागला.

चौथ्या वर्षी एके दिवशी चाक वळवताना बारीकसा आवाज आला. चर्र. तांडेल दचकला. त्याने शिवण तपासली. प्रत्येक टाका जागेवर होता. दुसऱ्या खेपेला पुन्हा तोच आवाज. त्याने कारागिराला बोलावले. कारागिराने कातडे दाबले, ओढले, वास घेऊन पाहिले. "एक टाका ढिला दाखव, मी धंदा सोडतो!"

बायका हसू लागल्या. "काय हो तांडेल, चाकाची नाडी बघताय का? ताप आहे?"

आत्या तेवढी हसली नाही. "उसव ते," ती म्हणाली. "एकदा आत बघ."

तांडेलाने सुरी काढली, शिवणीवर ठेवली. पण कापवेना. एवढी धड वस्तू आपल्याच हाताने कापायची? आणि पुन्हा असे आवरण मिळाले नाही तर? त्याने सुरी कमरेला खोचली.

तिसऱ्या दिवशी, भरलेले हंडे घेऊन परत येताना वारा उलटला. खडक जवळ आले. तांडेलाने सगळा जोर लावून चाक वळवले.

कातडे फाटले नाही. एक टाकाही सुटला नाही. पण शिवणीतून आत मुरलेल्या पावसाच्या पाण्याने लाकडाचा भुसा झाला होता. ते आवरण रिकाम्या पिशवीसारखे त्याच्या हातात वाकले.

"बाबा, आरे धरा! आरे!" लेक ओरडली आणि स्वतःच चाकाच्या तुटक्या आऱ्यांना लोंबकळली. तांडेलाने दुसरा आरा धरला. तळव्यांत लाकडाच्या ढलप्या घुसल्या, रक्त आले. मचवा वळला, पण पुरता नाही. खडकाने एक फळी फोडली आणि पाणी आत येऊ लागले.

"हंडे फेका! मचवा हलका करा!" तांडेल ओरडला.

बायकांनी एकेक हंडा समुद्रात टाकला. रडत टाकला, पण टाकला. हलका झालेला मचवा कसाबसा बेटाला लागला. सगळ्या जणी वाचल्या. पाण्याचा थेंब मात्र वाचला नाही.

किनाऱ्यावर आत्या उभी होती. पदर फाडून तिने तांडेलाचे तळवे बांधले, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "आत्या, मला आवाज येत होता गं. मी कातडंच बघत राहिलो."

म्हणून, बाळांनो आणि मोठ्यांनो, ज्याच्यावर आपला जीव विसंबून आहे ते अधूनमधून उघडून पाहावे. वरचे आवरण टिकले म्हणजे आतले टिकले असे नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेटावर पाणी नव्हते. आयांनी शहाळी फोडून लेकरांना घोट घोट पाजला, आणि तळव्यांना पट्ट्या बांधलेला तांडेल उघड्या चाकापाशी सुताराची वाट पाहत बसला.