वीरांची रांग

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मुलांनो, नीट ऐका. आणि मुलांच्या मागे बसून झोपेचं सोंग घेतलेल्या मोठ्यांनो, तुम्ही तर जास्तच नीट ऐका, कारण गोष्ट तुमची आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. काठीच्या खेळासाठी ते साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेलं. तिथलं मूल धड चालायला लागलं नाही तोच त्याच्या हातात काठी यायची. खळ्यात, नदीकाठी, देवळापुढं, जिथं पाहावं तिथं पोरं एकमेकांचे वार अडवताना दिसायची. यात वाईट काहीच नव्हतं. काठी फिरवणाऱ्या मुलाची नजर तयार होते, पाय हलके होतात, मनातली भीती जाते.

पण त्या गावात एक रीत होती. ती सांगताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

फार पूर्वी गावावर दरोडेखोर चालून आले, तेव्हा एका जवानानं एकट्यानं वेस राखली होती म्हणे. डोक्यावर घाव बसला तरी तो पडला नाही. झुलत राहिला, काहीबाही बरळत राहिला आणि लढत राहिला. गावानं त्याचं देऊळ बांधलं आणि लोक त्याला नुसतं 'वीर' म्हणू लागले. दर वर्षी त्याची जत्रा भरायची आणि जत्रेत काठीच्या लढती व्हायच्या. मोठ्यांच्या नव्हे हं, मुलांच्या! मिसरूडही न फुटलेल्या पोरांच्या! आणि त्या लढतीत एकच फटका धरला जाई, डोक्यावरचा.

असा फटका बसला की एखादं मूल झुलू लागे. त्याचे डोळे थिजत. विचारलं एक तर उत्तर भलतंच येई. मग सारं गाव ओरडे, "वीर आला! पोराच्या अंगात वीर आला!" हलगी कडाडे, भंडारा उधळला जाई. आणि वीर अंगात आहे तोवर मुलाला बसू द्यायचं नाही, लगेच दुसरी लढत लावायची, नाहीतर वीर रुसतो, अशी त्यांची समजूत. दुसऱ्या लढतीनंतर मुलाच्या हातात चांदीचं कडं चढे आणि त्याच्या घराला गावात पहिला मान मिळे.

काय म्हणावं या माणसांना! वासराच्या कपाळाला गोठ्याचा खांब लागला, तर हीच माणसं हळद लावून त्याला सावलीत बांधत आणि बरं वाटेपर्यंत हलवत नसत. स्वतःच्या लेकराच्या बाबतीत मात्र हलगी वाजवत.

या रीतीचा राखणदार होता गावचा वस्ताद. काठी शिकवायचा तोच आणि जत्रेत लढती लावायचा तोच. त्यानं वर केलेला हात खाली आणला की लढत सुरू होई. माणूस कडक, पण दुष्ट नव्हता. पोरांवर त्याचा जीव होता. त्याच्या थोरल्या मुलाच्या, येसूच्या अंगात काही वर्षांपूर्वी वीर आला होता. त्यानंतर येसू फारसा कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता. "येसू रानात साधना करतोय," असं वस्ताद सांगे आणि लोक हात जोडत.

यंदा धाकट्याची पाळी होती. त्याचं नाव सुभाना. पोरगं मोठं बडबडं. आकाशाला टेकू कुणी दिला इथपासून मांजर मिशा का धुतं इथपर्यंत दिवसभर आईला प्रश्न विचारून भंडावून सोडायचं.

जत्रेच्या सकाळी त्याची आई तुळसा वस्तादापुढं येऊन उभी राहिली.

"यंदा ऱ्हाऊ द्या की वो. लहान हाय अजून त्यो."

"आन् गावाला काय सांगू? वस्तादाचंच पोरगं चुलीपाशी बसलं म्हणून?"

"येसूचं काय झालंय ते बगताय न्हवं रोज?"

"तोंड आवर!" वस्ताद म्हणाला. "येसूच्या अंगातला वीर अजून उतरला न्हाई, येवढंच. ह्ये घराबाहेर बोलायचं न्हाई."

तुळसा मागं सरली. आपल्याच घराच्या नशिबी हे आलंय, आपलंच काही पूजेत चुकलं असेल, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. ते बाहेर बोलायची तिला लाज वाटे.

त्या वर्षी जत्रेला राज्याची राणी आली होती. सीमेवर शत्रूची हालचाल वाढली होती आणि तिला पहाऱ्यासाठी निधड्या छातीची माणसं हवी होती. वीर अंगात येणाऱ्या गावाची कीर्ती तिच्या कानावर गेली होती. देवळाच्या पारावर गादी घालून तिला बसवलं, आणि लढती सुरू झाल्या.

सुभाना पुढं आला तो हसतच. समोर त्याच्यापेक्षा हातभर उंच मुलगा होता, पण सुभानानं त्याचे वार सफाईनं अडवले. लोक वाहवा करू लागले. ती वाहवा ऐकून पोरानं क्षणभर आईकडं पाहिलं, आणि तेवढ्यात काठी त्याच्या कानाच्या वर बसली.

तो आवाज पारापर्यंत ऐकू गेला.

सुभाना पडला नाही. झुलला, दोन पायांवर कसाबसा सावरला, आणि वस्तादाकडं बघून म्हणाला, "आज जत्रा हाय का?"

"व्हय, जत्रा हाय," कुणीतरी म्हणालं.

"आज जत्रा हाय का?" त्यानं पुन्हा विचारलं. मग पुन्हा. मग तो वाकला आणि भडभडून ओकला.

"वीर आला! वीर आला!" गाव उसळलं. हलगी कडाडली. पुजारी धावत राणीपाशी आला आणि कौतुकानं सांगू लागला, "मानसाचं आन्न वीराला चालत न्हाई, म्हनून वकून टाकतोय."

आणि राणी? तिनं टाळ्या वाजवल्या! होय, टाळ्या. इतकी मोठी शहाणी राणी, पण गाव नाचतंय म्हटल्यावर तीही भारावली. "असेच वीर मला हवेत," ती म्हणाली. "आजवर ज्यांच्या ज्यांच्या अंगात वीर आला, त्या सगळ्यांना बोलवा. माझ्यासमोर एका रांगेत उभे करा. आज मी त्यांना माझ्या पहाऱ्यात घेणार. ते आले की मग दुसरी लढत होऊ द्या."

हलगी थांबली. राणीला वाटलं, आता जयजयकार होईल. पण माणसं एकमेकांची तोंडं चुकवू लागली.

"आमचा जरा पावण्यांकडं गेलाय," एक म्हातारा पुटपुटला.

"आमच्याला ताप हाय जी."

"आमचा... आमचा झोपलाय."

"भर दुपारी?" राणीनं विचारलं. तिच्या कपाळाला आठी पडली. "उठवा त्याला. तापातून आणा. ही माझी आज्ञा आहे."

राणीची आज्ञा मोडायची कुणाची छाती होती? माणसं घराकडं गेली. आणि मग एकेका दारातून गावाचे वीर बाहेर आले.

पहिल्याला त्याच्या आईनं हाताला धरून आणलं. दंड पैलवानासारखे, पण हाताची मूठ आईच्या पदराभोवती आवळलेली. दुसऱ्याच्या बायकोनं त्याचं सुटलेलं धोतर वाटेतच दोनदा सावरलं. तिसऱ्यानं हलगी पाहिली मात्र, दोन्ही कान गच्च दाबले आणि मोठमोठ्यानं रडू लागला. चौथ्याला दोघा भावांनी दोन्हीकडून धरलं होतं, कारण तो कारण नसताना मारायला धावे. त्याच्या मागं आणखी आले. सगळ्यांच्या हातात चांदीची कडी. सगळी माणसं ऐन उमेदीतली.

सगळ्यात शेवटी तुळसा घरी गेली आणि येसूला घेऊन आली. लोकांनी रानाकडं पाहून हात जोडले होते, आणि येसू मात्र घराच्याच माजघरातून बाहेर आला. तो रांगेत उभा राहिला आणि सगळ्यांकडं बघून गोड हसला. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. तुळसानं पदरानं ती पुसली.

राणी गादीवरून उठली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. पहिल्यासमोर जाऊन तिनं विचारलं, "तुझं नाव काय बाबा?"

"जेवलासा का?" तो म्हणाला.

"नाव काय तुझं?"

"जेवलासा का?"

राणीला पुढं विचारवेना. पण खरा धक्का तिला बसलाच नव्हता. तो बसला होता रांगेमागं उभ्या असलेल्या बायकांना. त्या वीरांकडं बघत नव्हत्या, एकमेकींकडं बघत होत्या. इतकी वर्षं एका पाणवठ्यावर पाणी भरलं, एका जात्यावर दळलं, आणि एकीनंही दुसरीला सांगितलं नव्हतं.

"तुजाबी?" तुळसानं शेजारणीला विचारलं.

"माजाबी," शेजारीण म्हणाली. "मला वाटलं, आमच्याच घराला शाप हाय."

"मला वाटलं, आमच्याच."

"पयल्या फटक्यानंतर माजा पोरगा मला वळखत हुता गं," पहिल्या वीराची म्हातारी आई सांगू लागली. "पानी मागितलं त्यानं माज्याकडं. मी देनार तवर ह्येंनी त्याला दुसऱ्या लढतीला वढलं. त्या लढतीनंतर त्यो माजा राहिलाच न्हाई."

"माजाबी दुसऱ्या लढतीतच," दुसरी म्हणाली.

"माजाबी."

माणसांनी ते ऐकलं आणि कुणाला तोंड वर करवेना. शाप कुठला आणि साधना कुठली! जिला मान म्हणून मिरवलं ती मुलांच्या डोक्याची इजा होती, आणि ती बरी व्हायच्या आत त्यांनी तिच्यावर दुसरा घाव घातला होता. घातला कुणी? शत्रूनं नाही, दरोडेखोरांनी नाही. बापांनी, मामांनी, आजोबांनी, हलगीच्या तालावर! मला सांगा, याहून भयंकर काय असतं?

तरीसुद्धा पुजारी पुढं आलाच. रीत अशी सहजासहजी मरत नाही. "वीर खोळंबलाय!" तो ओरडला. "लढत लावा वस्ताद! वीर कोपला तर गाव जळंल!" दोघांनी सुभानाच्या हातात काठी कोंबली. ती त्याच्या बोटांतून निसटली. त्यांनी ती पुन्हा कोंबली. समोरच्या मुलानं, सांगितल्याप्रमाणे, आपली काठी उचलली.

आणि सवयीनं वस्तादाचा हात वर गेला.

आता तो खाली आला की लढत सुरू. सारं गाव त्या हाताकडं बघत राहिलं. वस्ताद रांगेकडं बघत होता. त्यातल्या प्रत्येकाच्या दुसऱ्या लढतीला त्याचाच हात खाली आला होता. येसूच्याही.

तुळसा रिंगणात शिरली. बायकांनी रिंगणात पाऊल टाकायचं नाही अशीही एक रीत होती, पण तिला त्या वेळी कुणी अडवलं नाही. ती सुभानासमोर गुडघे टेकून बसली.

"बाळा, मी कोन?"

सुभानानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग शहाण्या मुलासारखा म्हणाला, "काकू, आज जत्रा हाय का?"

तुळसानं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं.

हात तसाच वर धरून वस्ताद चालत आला, आणि त्यानं तो पोराच्या डोक्यावर ठेवला. मग दुसऱ्या हातानं पोराला उचलून छातीशी धरलं. "लढत न्हाई," तो म्हणाला. "आज न्हाई आन् कवाच न्हाई. वीर कोपला तर माझ्यावर कोपू दे."

सुभानाला अंधाऱ्या, शांत खोलीत निजवलं. तुळसा त्याच्या उशापासून हलली नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्यानं डोळे उघडून "आई" म्हटलं, पण तिनं त्याला उठू दिलं नाही. कितीतरी दिवस धावणं नाही, काठी नाही, गलका नाही. हळूहळू डोकं दुखायचं थांबलं, उजेड सोसू लागला, आणि एका सकाळी त्यानं विचारलं की मुंग्यांना झोप कधी लागते. तुळसा रडत रडत हसली.

सुभाना वाचला. रांगेतला मात्र एकही माणूस पूर्वीसारखा झाला नाही. राणीनं त्यांच्या पोटापाण्याची व्यवस्था केली, आणि टाळ्या वाजवल्याबद्दल त्यांच्या आयांपुढं मान खाली घातली. गावात काठीचा खेळ चालू राहिला, पण डोक्यावर वार करणारा मुलगा त्याच क्षणी बाद होऊ लागला. मुलांच्या डोक्यावर कापूस ठासून भरलेले जाड टोप आले. आणि कुणाच्या डोक्याला चुकून मार लागला, तर तो पुरता बरा होईपर्यंत त्याच्या हातात काठी द्यायची नाही, असं ठरलं.

पुढच्या जत्रेत असंच चुकून एका मुलाच्या टोपावर काठी बसली. मूल जरासं डगमगलं. "थांबा!" सारं गाव एकदम ओरडलं. वस्ताद धावला आणि मुलाला सावलीत घेऊन बसला.

"आवं, पर माझं पोरगं जिंकत हुतं की!" समोरच्या मुलाचा बाप कुरकुरला.

"जिंकलं," वस्ताद म्हणाला. "जा, घिऊन जा बक्षीस. खेळ संपला."

मुलाला त्याच्या आईच्या स्वाधीन करून वस्ताद परत आला. रिंगणाच्या कडेला येसू बसला होता. त्यानं बापाची बाही ओढली.

"बाबा, माझी पाळी कवा?"

वस्ताद त्याच्या शेजारी मातीत बसला. येसूनं पुन्हा विचारलं, मग पुन्हा. मरेपर्यंत वस्तादाला तो प्रश्न रोज ऐकावा लागला.

तात्पर्य : लेकराला लढायला खुशाल शिकवावं, पण आधी त्याचं डोकं राखावं, आणि डोक्याला मार बसला की खेळ तिथंच थांबवावा.