कोरबाच्या वाटा

फार पूर्वी एका बांधाखाली उंदरांचं गाव होतं. तिथली सगळी बिळं कोरणारा म्हातारा कोरबा लेकीकडे राहायला निघाला.

"पाटील, जाण्याआधी एकदा माझ्यासोबत सगळ्या वाटा फिरून घ्या," तो म्हणाला.

"आधी निरोपाच्या लाह्या तर खा," पाटील हसला.

वाटा फिरणं राहूनच गेलं. कोरबाची पाठ फिरताच पाटलानं पुढचं दार तेवढं ठेवून बाकीच्या वाटा चिखलानं बुजवल्या. ज्याला वाटा ठाऊक, तो उद्या सापालाही दाखवेल, असं त्याच्या मनानं घेतलं.

मग एका सकाळी त्याच दारातून पाटाचं पाणी आत घुसलं. पाटील पिल्लांना घेऊन वर धावला. वर चिखल वाळून दगड झाला होता.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "पाटील, पाणी सुटलेलं पाहून परत आलो. कोणत्या वाटेला आहात? तिथं उकरतो."

पाणी मिशांना लागलं होतं. आपण कोणत्या वाटेला उभे आहोत, हे पाटलाला सांगता येईना.