उंच आणि लांब

एका जंगलात पाणवठ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत दोन रानकोंबडे राहत असत, सख्खे भाऊ. एकदा जमिनीवरच्या लावा पक्ष्याच्या घरट्यांवर रानबोका चालून आला. थोरला त्याच्यासमोर पंख पसरून उभा राहिला आणि झुंजता झुंजता मेला. पिल्ले मात्र वाचली. त्या जंगलाची एक रीत होती, बरं का मुलांनो! कुणी गेले की सगळ्यांनी पाणवठ्यावर जमायचे, त्याच्यासाठी एक शब्द ठरवायचा आणि पुढे त्याच शब्दाने त्याची आठवण काढायची. म्हातारा ससा गेला, तेव्हा त्याला 'चपळ' हा शब्द मिळाला होता.

कुणी विचारायच्या आतच धाकटा ओरडला, "माझा दादा उंच होता!"

करकोचा खो खो हसला. "अरे बाळा, 'शूर' म्हण, 'भला' म्हण, मी मान हलवतो. पण उंच? शब्दाला काही अर्थ असतो की नाही? उंची पायापासून डोक्यापर्यंत मोजतात. साग उंच, ताड उंच, मी उंच. तुझा दादा माझ्या गुडघ्याला लागायचा!"

सांबर समजुतीने म्हणाले, "ठेंगणा होता रे, पण गुणी होता. 'गुणी' ठेवू या."

धाकट्याचा तुरा लालबुंद झाला. "ठेंगणा म्हणायचं नाही! तो उभा राहिला, तेव्हा मी त्याच्या मागे होतो. मला पुढचं आभाळ दिसत नव्हतं. उंचच होता!"

तेवढ्यात जाळी हलली. तोच रानबोका! नाकावर थोरल्याच्या नख्यांचा ओरखडा अजून ताजा. सांबर उधळले. करकोचा उडाला तो थेट सागाच्या शेंड्यावर. खाली उरली लाव्याची पिल्ले. त्यांना अजून उडता येत नव्हते. धाकटा त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याने पाय मातीत रोवले, मान ताणली, पिसे फुलवली आणि थेट दादासारखी बांग दिली. बोका थबकला. मारला तोच पुन्हा उभा? नाक चाटत तो मागे सरला आणि पसार झाला.

मातीतून एक पिल्लू वर बघत म्हणाले, "दादा, केवढा उंच रे तू!" धाकट्याला आजवर कुणी दादा म्हटले नव्हते.

करकोचा हळूच खाली उतरला. "मी पळालो नाही हं. उंचावरून नजर ठेवून होतो."

"उंचावर होतास. उंच नव्हतास," धाकटा म्हणाला. "आता माझ्या दादाचा शब्द म्हण. मोठ्याने!"

करकोच्याने मान खाली घातली. "उंच," तो म्हणाला. मग सगळेच म्हणाले. जरा वेळाने त्याने चाचरत विचारले, "आणि मग मला काय म्हणायचं?"

"तुला? लांब! पाय लांब, चोच लांब, आणि बोका आला तेव्हा तर सगळ्यांत लांब!"

तात्पर्य : उंची पायापासून मोजतात खरी, पण ज्याने पायच मागे घेतला, त्याची मोजायची कुठून?