आधी कुरतडलेलं पान दाखवा

फार पूर्वी, देवीच्या जत्रेची फुलं गावच्याच मळ्यांत फुलायची तेव्हाची ही गोष्ट. एका गावात घरोघर शेवंतीचे वाफे होते आणि घरोघर ठाम मतं होती. त्यातलं सगळ्यांत ठाम मत अळ्यांबद्दल होतं.

हिरवी, गुळगुळीत अळी दिसली की बायका तिच्यापुढे हळदकुंकू वाहायच्या. ती म्हणे लक्ष्मीची अळी. आणि काळी, काटेरी, पाठीवर नारिंगी डाग असलेली अळी दिसली की लगेच पायातलं पायताण हातात यायचं. ती राक्षसाची. जत्रेच्या आधी सगळं गाव एकमेकांच्या मळ्यांत फिरून या काळ्या अळ्या चिरडायचं. या कामाला झाडणी म्हणत आणि झाडणी झाली की गूळखोबरं वाटत.

एवढं करूनही फुलं दर वर्षी कमीच व्हायची. मग गाव म्हणायचं, झाडणी नीट झाली नाही! आणि म्हाताऱ्या म्हणायच्या, काळच वाईट आला, पूर्वीचे ते लाल किडेसुद्धा आता दिसत नाहीत. मसुराच्या डाळीएवढे ते किडे, लाल पाठीवर काळे ठिपके. लहानपणी प्रत्येकाने ते तळहातावर खेळवले होते.

या गावात हौसा नावाची एक माळीण होती. नवरा वारलेला, शेवंतीची एक पट्टी तेवढी हातात. जत्रेला फुलं विकली गेली तर वर्षभर चूल पेटायची, नाहीतर लोकांच्या दारात उभं राहायचं.

त्या वर्षी झाडणीच्या दिवशी हौसाच्याच वाफ्यात एक काळी अळी निघाली. हौसाने अंगठा पुढे केला आणि तसाच थांबवला. अळीखालचं पान अगदी धड होतं. तिने ते उलटून पाहिलं, पलीकडूनही धड.

"अगं, बघत काय बसलीस? चिरड की!" शेजारीण म्हणाली.

"हिनं खाल्लंय काय, ते तरी बघू दे."

"राक्षसाची हाय ती!"

"असंल. पण आधी कुरतडलेलं पान दाखवा. मग मी सोता चिरडते."

लोकांनी आख्खं झाड धुंडाळलं. कुरतडलेलं पान काही सापडेना, तसे ते हौसावरच चिडले. माणसांचं असंच असतं. शेवटी एक कळी मात्र पोखरलेली सापडली आणि तिच्यात डोकं खुपसून बसली होती हिरवी, गुळगुळीत अळी. हौसाने ती सगळ्यांदेखत ओढून काढली आणि कोंबड्यांपुढे टाकली.

झालं! एकच गिल्ला झाला. पाटील तरातरा पुढे आले.

"हौसा, गावाच्या रीतीपुढं तू शहाणी लागून गेलीस का?"

"शहाणी न्हाई, पाटील. मला ठावं न्हाई म्हणून तर मी बघतेय. तुम्हास्नी ठावं असंल तर दावा."

"माफी माग. न्हाईतर पाटाचं पाणी बंद!"

"करा बंद. मी नदीवरनं डोईनं आणीन. पर जिनं माझं पान खाल्लं न्हाई, तिला मी मारणार न्हाई."

आणि तिने खरंच डोक्यावरून पाणी आणलं. मान अवघडायची, पाय भरून यायचे. पाणी घालून झालं की ती कळ्यांतल्या हिरव्या अळ्या वेचून कोंबड्यांपुढे टाकायची, मग झाडापाशी बसायची आणि बघायची. देठांवर बारीक काळा मावा चिकटला होता, रस शोषत होता. काळी अळी त्याच्यापाशी गेली आणि माव्यातला एक किडा तिने मटकावला. मग दुसरा, मग तिसरा. हौसा एकटीच मोठ्याने हसली. तिने शेजारणीला हाक मारली, पण शेजारीण तोंड फिरवून निघून गेली.

थोड्या दिवसांनी मात्र काळ्या अळ्या खायच्या थांबल्या. पानांना चिकटल्या, आक्रसल्या, हलेनाशा झाल्या. हौसाला वाटलं, गावच खरं आणि आपणच खुळ्या की काय? माफी मागावी, पाणी सुटेल, असं म्हणत ती बांधापर्यंत गेलीसुद्धा. पण तिथूनच माघारी फिरली. मेल्या तर मेल्या, पान धड आहे हे काही खोटं नाही, असं ती स्वतःला बजावत राहिली.

जत्रा आली. गावभर कळ्या पोखरलेल्या आणि देठ माव्याने चिकट झालेले. एकट्या हौसाची पट्टी पिवळीधमक फुलली होती. पाटील रिकामी टोपली घेऊन आले. मागोमाग गावही आलं.

"देवीला फुलं पायजेत," पाटील म्हणाले. "माफी माग, पाणीबी सोडतो."

"देवीची फुलं कवाच काढून ठेवलीत. ती देवीची हायत, तुमची न्हाईत. अन् माफी मागायची न्हाई मी. आधी हितं बसून माझी पानं बघा."

पाटील पांढऱ्या धोतरानिशी चिखलात बसले. समोरच्या पानावर आक्रसलेली एक अळी होती. पाटील ती बोटाने झटकणार, एवढ्यात ती तडकली. आतून पिवळट, कोवळा किडा बाहेर आला. मागे सालीवर ते काळे काटे तसेच राहिले. बघता बघता किडा तांबूस झाला आणि पाठीवर काळे ठिपके उमटले.

"अरे, हा तर आपला लाल किडा!" पाटलांचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला.

"व्हय. अन् ही त्याची जुनी साल. वळखीची वाटते का?"

पाटील सालीकडे बघत राहिले, मग स्वतःच्या पायताणाकडे.

"म्हंजे इतकी वर्सं आपण..."

"व्हय, पाटील. इतकी वर्सं."

पाटील उठले. "उद्यापासनं पाणी सोडतो."

"उद्या न्हाई. आत्ता. झाडं तहानलीत."

पाटलांनी धोतर खोचलं, कुदळ मागून घेतली आणि स्वतः जाऊन पाटाचं तोंड फोडलं.

पुढच्या वर्षी झाडणीला गाव पुन्हा निघालं. कुणीतरी सवयीने पायताण उगारलंच. तशी सगळी पोरं एका सुरात ओरडली, "आधी कुरतडलेलं पान दाखवा!"

तात्पर्य: कुणाचं रूप बघून त्याला शिक्षा देऊ नका, त्याने काय केलं ते बघा. आणि सगळं गाव पायताण उगारून उभं असलं, तरी पुरावा मागायला कचरू नका.